कायद्यात आपलं म्हणणं घालायचं तर सुरुवात कुठून करायची? (सांगली)

झेरॉक्सवाला, खणभाग

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. उजवा पाय लहानपणीच पोलिओत गेला. कॅलिपर घालतो (पायाला आधार देणारा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा), काखेत कुबडी. संध्याकाळी दुकानात आमच्यातलेच सात-आठ जण चहाला जमतात. त्यात एक तीनचाकीवाला, एक कमी ऐकू येणारा, दोघं अंध. गप्पा फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ती म्हणजे सरकार आपल्यासाठी कायदे करतं, पण करताना आपल्याला कुणी विचारत नाही.

आता विषय निघालाय तो दोन मागण्यांचा. पहिली, महापालिकेत आणि ग्रामपंचायतीत आपला माणूस हवा. 2025 मध्ये तामिळनाडूनं कायदा बदलून स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नामनिर्देशनानं, म्हणजे निवडणुकीशिवाय, घ्यायची सोय केली. मग महाराष्ट्रात का नको?

दुसरी मागणी पुराची, आणि ती माझी स्वतःची आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. गल्लीत भोंगा फिरला की घरं सोडा. शेजारच्या आजींना ऐकू येत नाही. त्या देवपूजा करत बसल्या होत्या, पाणी उंबऱ्यावर आल्यावर त्यांना कळलं. मला मंडळाच्या पोरांनी ट्रकच्या ट्यूबवर घालून नेलं. आता गंमत बघा. कॅलिपर पायात ठेवला तर गुडघा लॉक असतो, पाय सरळ काठीसारखा, ट्यूबवर बसताच येत नाही. लॉक उघडलं तर पाण्यात पाय लोंबकळतो आणि लोखंडाचं वजन खाली ओढतं. शेवटी काढून पोराच्या गळ्यात अडकवला. चामड्याचे पट्टे भिजून फुगले आणि वाळल्यावर असे कडक झाले की मांडी सोलून निघायची. लॉकची कडी गंजून बसली ती वेगळीच. छावणीत जागा मिळाली पहिल्या मजल्यावर आणि संडास तळमजल्यावर. पूर ओसरल्यावर एका कार्यालयात विचारलं, आमच्यासारख्यांची काही यादी असते का? साहेब म्हणाले, "यादी कशाला? पाणी काय नाव विचारून येतं का?"

आमच्यातले निम्मे म्हणतात, अधिवेशन आलं की आझाद मैदानावर जाऊन बसायचं. मला वाटतं लेखी काहीतरी द्यावं. पण काय द्यायचं, कुणाला द्यायचं? निवेदनं मी रोज टाईप करतो हो. "मा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून" हे तर आता झोपेतही टाईप होईल. त्याचं पुढं काय होतं ते कधी कळलं नाही. कुणी हे काम केलंय का?

जतकर

दादा, राग मानू नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहेच ना? आमच्या गावात (नाव घेत नाही) तो पैसा मार्चएंडला आठवतो. मग सगळ्यांना सारखंच काहीतरी वाटतात. एका वर्षी आंधळ्या माणसाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आहे तो कायदा पाळत नाहीत आणि तुम्ही नवा करायला निघालाय. आमच्याकडं पूरही येत नाही, टँकर येतो. टँकरपाशी कुबडीवाल्याचा नंबर लागत नाही, ते बघा आधी.

पोवईनाका

जतकरांचं म्हणणं खोटं नाही. पण घड्याळ का वाटलं गेलं त्याचाही विचार करा. खर्च कशावर करायचा हे ठरवताना खोलीत आपलं कुणी नव्हतं म्हणून. कायदा पाळणं आणि कायदा लिहिणं ही दोन वेगळी कामं वाटतात, पण बऱ्याचदा पळवाट लिहितानाच ठेवलेली असते.

मी साताऱ्याचा. बँकेतून निवृत्त झालो, दृष्टी पूर्ण गेलेली आहे. संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून सगळं वाचतो आणि शासनाचे मसुदे वाचायचा मला नाद आहे. लोक कोडी सोडवतात तसा.

झेरॉक्सवाले भाऊ, अनुभवाचं सांगतो. कायदा विधानसभेत होतो हे पुस्तकात ठीक. आपल्या आयुष्याला जे लागतं ते नियमात असतं, म्हणजे कायदा राबवायला सरकार मागून जे नियम करतं त्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 घ्या. डिसेंबर 2016 मध्ये संसदेत मंजूर झाला, 19 एप्रिल 2017 पासून लागू. जुन्या 1995 च्या कायद्यात 7 प्रकारचं अपंगत्व होतं, ते 21 झालं. वाजतगाजत झालं सगळं, आणि चांगलंच झालं. कलम 45 म्हणतं की असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येतील अशा, करा. किती करारी भाषा! मग जून 2017 मध्ये केंद्राचे नियम आले. त्यातल्या नियम 15 नं काय केलं, तर निरनिराळ्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं. सूचना म्हणजे पाळल्या तर पाळल्या. कायद्यात सक्ती, नियमात सवड. ही गाठ सोडवायला नोव्हेंबर 2024 उजाडावं लागलं. राजीव रतूडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा नियम मूळ कायद्याशीच विसंगत आहे, किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा आणि ते संबंधितांशी सल्लामसलत करून करा. सात वर्षं गेली भाऊ. नियमाचा मसुदा आला तेव्हाच त्या एका ओळीवर देशभरातून हजारो हरकती गेल्या असत्या तर? माझं एवढंच म्हणणं आहे की आपली खरी जागा मसुद्यावर आहे.

ती जागा कायद्यानं दिलेली आहे, भीक नाही. राज्य सरकारला या कायद्याखाली नियम करायचे तर कलम 101 प्रमाणे मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. केंद्राचं 2014 चं धोरण आहे की विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारतानं 2007 मध्ये सही केली आणि त्याच वर्षी मान्यताही दिली. त्या कराराच्या अनुच्छेद 4 मध्ये स्पष्ट आहे की कायदे-धोरणं करताना दिव्यांगांशी आणि त्यांच्या संघटनांशी जवळून सल्लामसलत करायची.

आणि हरकतींनी काही होत नाही असं म्हणू नका. जुलै 2020, सगळे घरात कोंडलेले. केंद्रानं प्रस्ताव आणला की या कायद्यातले काही गुन्हे तडजोडीनं मिटवता यावेत. त्यात कलम 92 चा पोटभाग (अ) होता, म्हणजे चारचौघांत दिव्यांगाचा मुद्दाम अपमान करणं. हरकतींना दिलेली मुदत इतकी तोकडी की वाचून होईतो संपावी. तरी देशभरच्या संघटनांनी ईमेलचा असा मारा केला की त्याच महिन्यात प्रस्ताव मागं घ्यावा लागला. मोर्चा नाही, बस नाही, झुणका-भाकर नाही.

पण मोर्चाला नावं ठेवत नाही मी. 1995 चा कायदा झाला तेव्हा दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्यासोबतचे लोक डिसेंबरच्या थंडीत दिल्लीत रस्त्यावर उतरले होते, आणि अधिवेशन संपता संपता विधेयक मंजूर झालं. रस्ता दार उघडतो. आत गेल्यावर हातात कागद लागतो.

आता कागद कसा लिहायचा. "आमच्या समस्यांकडे लक्ष द्यावे" असलं काही नको. ते वाचणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यानं करायचं काय? बँकेत मी कर्जाच्या टिपण्या आयुष्यभर हाताळल्या. ज्या टिपणीत शेवटी "असे करावे" असं नेमकं लिहिलेलं असे ती पुढं सरकत असे, बाकीच्या फायलीत निजत. तेव्हा नियम किंवा कलम कितवं ते लिहा, आज त्यात काय आहे ते लिहा, त्याऐवजी काय हवं ते शब्दन् शब्द लिहा, आणि कारण दोन ओळींत. एका मुद्द्याला एक पान. तुमच्या पुराचं मी नमुना म्हणून लिहून बघतो:

"जिल्हा प्राधिकरण दरवर्षी 31 मे पूर्वी जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची वॉर्डनिहाय व गावनिहाय यादी अद्ययावत करील, प्रत्येक व्यक्तीस धोक्याची सूचना कोणत्या मार्गाने द्यावयाची याची त्यात नोंद ठेवील, आणि निवारा केंद्रातील तळमजल्यावरील जागा व स्वच्छतागृह अशा व्यक्तींसाठी राखून ठेवील."

"करील" लिहायचं, "करू शकेल" नाही. सगळी मेख तिथं आहे.

एक रडगाणं गातो आणि थांबतो. हे मसुदे आमच्यासारख्यांनी वाचायचे कसे? छापलेला कागद स्कॅन करून पीडीएफ चढवतात, म्हणजे नुसतं चित्र. मी उघडतो, स्क्रीन रीडर म्हणतो, "अलर्ट, एम्प्टी डॉक्युमेंट." झालं वाचन! कधी टाईप केलेली फाईल मिळते तर जुन्या फाँटमध्ये. मग तो कानात इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर, टक्के असलं काहीबाही ओततो. अंधांच्या हक्कांचा मसुदा अंधाला डॉलर-टक्के म्हणून ऐकावा लागतो, आणि हरकतींची मुदत मात्र डोळसांइतकीच.

मिरजेचा वकील

पोवईनाका काकांनी बरंच सांगितलं. थोडी भर घालतो.

पुराच्या मागणीसाठी नवा कायदा नकोच. 2016 च्या अधिनियमाचं कलम 8 वाचा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची माहिती ठेवायची आणि त्यांना धोक्याची सूचना मिळेल अशी व्यवस्था करायची, हे तिथं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय. तेव्हा "यादी कशाला" याचं उत्तर कायद्यात आहे. दुसरं म्हणजे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी सुधारावा लागतो. काकांचा मजकूर राज्याच्या नियमांसाठी पाठवाच, पण तोच मजकूर जिल्हा आराखड्यात घाला म्हणूनही द्या. ते काम मंत्रालयात न जाता होऊ शकतं. उन्हाळ्यात द्या. पाऊस सुरू झाल्यावर कुणाला वाचायला वेळ नसतो.

आता महापालिकेतली जागा. इथं जरा जपून. संविधानाच्या अनुच्छेद 243 आर प्रमाणे नगरपालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान असलेल्या व्यक्ती नामनिर्देशनानं घेता येतात, पण त्यांना सभेत मताचा अधिकार नसतो. आपण ज्यांना स्वीकृत नगरसेवक म्हणतो ते हेच. म्हणजे मागणी मान्य झाली तरी मिळेल ती बोलायची जागा, मत नाही. ती घ्यायची की निवडून येणाऱ्या जागांत आरक्षण मागायचं, हे तुमच्या चहाच्या बैठकीत आधी ठरवा. माझं मत विचाराल तर घ्यावी. बजेटच्या सभेत "या रॅम्पचा उतार कितीचा?" एवढं विचारणारा माणूस बसला तरी इंजिनिअर घरून तयारी करून येतो.

आणि पात्रतेचं म्हणाल तर महाराष्ट्रात स्वीकृत सदस्य कोण होऊ शकतो ते नियमांत आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सामाजिक संस्थांचे पदाधिकारी वगैरे. म्हणजे दिव्यांग संघटनेचा पदाधिकारी आजही त्यात बसू शकतो. पक्षांना त्याचं नाव सुचत नाही इतकंच. "त्यापैकी किमान एक दिव्यांग असेल" एवढी भर नियमात मागायची तर तो सरकारच्या हातातला विषय आहे. ते झालं नाही तर आमदारांकडून अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं स्वतः मांडलेलं. तसली विधेयकं मंजूर क्वचितच होतात, पण मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं.

सगळ्यात कमी वापरलं जाणारं दार मात्र पुण्यात आहे, राज्याचे दिव्यांग आयुक्त. कलम 80 प्रमाणे एखादा कायदा, धोरण किंवा कार्यपद्धती या अधिनियमाशी विसंगत आहे का ते शोधून दुरुस्ती सुचवणं हे त्यांचं काम आहे. कुणी अर्ज केला तरी करायचं, नाही केला तरी करायचं. त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणानं तीन महिन्यांत कारवाई कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण लेखी द्यायचं. कारण लेखी मिळालं की पुढं कोर्टात माझ्यासारख्याला धरायला काहीतरी असतं. निवेदनाचं पुढं काय होतं ते कळत नाही म्हणालात ना? इथं कळवावं लागतं.

कोरेगावची आई

मी सहसा नुसतं वाचते, पण आज राहवलं नाही. माझी मुलगी 19 वर्षांची आहे, बौद्धिक अक्षमता. तुम्ही सगळे दादा-काका लोक "आपला माणूस" म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर कुबडीवाला किंवा काठीवाला पुरुषच येतो की नाही? माझी पोर कुठल्या बैठकीत बसणार? नोकरीच्या आरक्षणातसुद्धा तिच्यासारख्यांना जागा मिळाली ती 2016 ला. चार टक्क्यांत शेवटचा एक टक्का, तोही स्वमग्नता, मानसिक आजार, बहुविकलांग या सगळ्यांत मिळून. आधीच्या कायद्यात 3 टक्के होते, त्यात आम्ही नव्हतोच.

तिला विचारलं तर ती सांगते. वेळ लागतो. दोनच पर्याय पुढं ठेवायचे, चित्र दाखवायचं, घाई करायची नाही. बसनं जायचं की रिक्षानं हे ती ठरवते, आणि एकदा ठरवलं की बदलत नाही. मग तिच्याबद्दलच्या नियमावर तिचं मत का घेऊ नये? मसुदा सोप्या मराठीत चित्रांसह द्या, ही मागणी तुमच्या कागदात घाला.

आणि काकांनी लिहिलेल्या यादीबद्दल. वाचून पोटात गोळा आला. वॉर्डनिहाय यादी म्हणजे कुठल्या घरात कोण मुलगी आहे, तिला काय कळतं, काय कळत नाही, हे सगळं एका कागदावर. तो कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर चिकटवला तर? लाभार्थ्यांच्या याद्या नावासकट लावलेल्या मी बघितल्यात. मी शेतावर जाते तेव्हा पोर घरात एकटी असते. पुरापेक्षा मला त्या कागदाची भीती जास्त वाटेल.

पोवईनाका

ताई, हे माझ्या मजकुरात नव्हतं आणि असायलाच हवं. वकीलसाहेब, शब्द सुचवा.

मिरजेचा वकील

"सदर यादी गोपनीय राहील, ती कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध केली जाणार नाही, आणि संबंधित व्यक्ती अथवा तिच्या पालकाच्या संमतीनेच तीत नाव नोंदवले जाईल." यादी कुणाला बघता येईल ती पदं नावानिशी लिहावीत. "संबंधित अधिकारी" असं मोघम नको.

कोरेगावची आई

"अथवा पालकाच्या" नको. आधी तिची संमती, ती समजावून घेतलेली. पालक मदतीला. 2016 च्या कायद्यातच आहे ना, दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे म्हणून? कलम 13.

मिरजेचा वकील

बरोबर. 13 आहे. आणि 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, तेही त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच. "संबंधित व्यक्तीच्या, आवश्यक तेथे सहाय्य देऊन घेतलेल्या, संमतीनेच" असं करू.

जतकर

टँकरचं राहिलं की. यादी फक्त पुरालाच का? टंचाई आपत्तीत येत नाही काय?

झेरॉक्सवाला, खणभाग

जतकरभाऊ, येते. दुष्काळाच्या ओळी वेगळ्या लिहू आणि त्या तुम्हीच सांगा. टँकर कुठं थांबतो, हंडा कोण उचलतो, नंबर कसा लावतात, सगळं. मला इथं बसून ते सुचायचं नाही.

काल दुकानात ही सगळी चर्चा मोठ्यानं वाचून दाखवली. मताशिवायच्या जागेवरून कडाक्याचं भांडण झालं. तीनचाकीवाला म्हणतो, मत नसलेला नगरसेवक म्हणजे लग्नातला फोटोग्राफर, सगळीकडे हजर आणि कशातच नाही. शेवटी असं ठरलं की जागा मागायची, पण त्याच कागदात निवडणुकीतल्या आरक्षणाचीही मागणी ठेवायची. मोर्चावाल्यांनाही काम दिलंय. अधिवेशनाच्या आधी जिल्ह्यातल्या आमदारांना ते गाठणार, हातात निवेदन नाही, हा मजकूर.

काका, तुमच्या फाँटच्या दुखण्यावर माझ्याकडे औषध आहे. जुन्या फाँटचं युनिकोड (कुठल्याही संगणकाला वाचता येणारी अक्षरं) करणं हा माझा रोजचाच धंदा. कन्व्हर्टरनं केल्यावर जोडाक्षरं आणि रफार हातानं सुधारावे लागतात, तेवढं मी करतो. स्कॅन असेल तर सरळ टाईप करून देईन. यापुढं दिव्यांगांशी संबंधित कुठलाही मसुदा राजपत्रात आला की मला फक्त कळवा. वाचता येईल अशी फाईल तयार करून इथं टाकेन. पैसे नकोत. आणि ताई, सोप्या मराठीतल्या मसुद्याची मागणी पहिल्या पानावर घेतलीय. चित्रं काढणारी एक मुलगी आहे ओळखीत, पण कुठली चित्रं समजतात ते तुमच्या लेकीलाच विचारून सांगा.

वकीलसाहेब, एकच शंका. आयुक्तांकडे अर्ज संघटनेच्या नावानं द्यायचा की माणसांच्या? आमची संघटना नोंदणीकृत नाही, नुसता चहा आहे.

मिरजेचा वकील

माणसांच्या नावानं द्या, नोंदणीची गरज नाही. प्रत्येकानं आपल्या अपंगत्वाचा प्रकार आणि या तरतुदीशी आपला संबंध काय ते एका ओळीत लिहावं. युडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) प्रती जोडा. अंगठा चालतो. ताईंच्या मुलीचं नाव घालायचं असेल तर तिला विचारून. पोच घेतल्याशिवाय टपाल टाकू नका, आणि मला एक प्रत पाठवा, तारखेवर लक्ष ठेवतो.